माद्रिद ते बार्सिलोना : अंतर ४८३ किलोमीटर, वेळ किती?

अंतराला वेगाने भागले की वेळ मिळतो, हे गणित आम्ही शिक्षक मंडळी वर्षानुवर्षे फळ्यावर सोडवून देत आलो. स्पेनमधल्या माद्रिद आणि बार्सिलोना या शहरांच्या विमानतळांना तेच गणित लावून पाहू. सरळ रेषेत अंतर सुमारे ४८३ किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरला तर उत्तर ३६ मिनिटे. वेळापत्रकात मात्र सव्वा तास किंवा त्याहून थोडा जास्तच वेळ लिहिलेला असतो.

मग उरलेली चाळीसेक मिनिटे जातात कुठे? वेळापत्रकातला वेळ नुसत्या उड्डाणाचा नसतोच. विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या शहरात जाऊन उभे राहीपर्यंतचा तो हिशेब आहे. माद्रिदचा विमानतळ प्रचंड पसरलेला, त्यामुळे धावपट्टी गाठण्यातच बरीच मिनिटे जातात. पूर्ण वेग मिळतो तो उंचावर पोचल्यावर, आणि एवढ्याशा अंतरात तिथे जेमतेम स्थिरावतो तोच उतरायची वेळ होते. वाटही सरळ रेषेची नसते. शिवाय कंपन्या उशिराची थोडी सोय आधीच धरून ठेवतात. उंचावरचा वारा बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, म्हणून बार्सिलोनाकडे जाताना विमानाला त्याचा हात लागतो. परतताना तोच वारा आडवा येतो.

पण खरा वेळ जातो तो जमिनीवर. दोन्ही विमानतळ शहराच्या मध्यापासून बारा-तेरा किलोमीटर दूर. घरून निघणे, तपासणीची रांग, सामानाची वाट पाहणे, पुन्हा टॅक्सी. सोबत लहान मुले किंवा वयस्क अब्बाजान असतील तर विचारूच नका. सव्वा तासाचा प्रवास बघता बघता साडेतीन-चार तासांचा होतो.

हा त्रास कमी व्हावा म्हणून इबेरिया कंपनीने १९७४ मध्ये या मार्गावर ‘हवाई पूल’ सुरू केला. आधी आरक्षण नको. यायचे, तिकीट घ्यायचे, पुढच्या विमानात बसायचे. एस.टी. स्टँडसारखेच म्हणा ना! तीन दशकांहून अधिक काळ या वाटेवर विमानाचेच राज्य होते.

२० फेब्रुवारी २००८ रोजी दोन्ही शहरे वेगवान रेल्वेने थेट जोडली गेली. रुळांची लांबी ६२१ किलोमीटर, म्हणजे हवाई अंतरापेक्षा सव्वाशेहून जास्त. गाडीचा वेग विमानाच्या निम्म्याहूनही कमी. तरी न थांबणारी गाडी अडीच तासांत पोचते, आणि तीही शहरातल्या स्टेशनातून शहरातल्या स्टेशनात. काही वर्षांतच बहुसंख्य प्रवासी रेल्वेकडे वळले. पुढे २०२१ आणि २०२२ मध्ये आणखी दोन कंपन्यांच्या गाड्या आल्या, तेव्हा भाडेही उतरले. आमच्या मते सामान्य कुटुंबाला खरा दिलासा या भाड्याने दिला.

तिकिटावरच्या वेळेची आणखी एक गंमत. निघण्याची आणि पोचण्याची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. माद्रिद-बार्सिलोनाचे घड्याळ एकच, म्हणून अडचण येत नाही. उमऱ्याला निघालेल्यांनी मात्र ध्यानात ठेवावे : जेद्दाहचे घड्याळ आपल्या अडीच तास मागे आहे. नुसती वजाबाकी केली तर प्रवास अडीच तासांनी छोटा दिसतो, आणि मग घरचे लोक उगाच लवकर फोन लावत बसतात.

आपल्याकडे मुंबई-अहमदाबाद हा ५०८ किलोमीटरचा वेगवान रेल्वेमार्ग बांधला जात आहे. अंतर जवळपास माद्रिद-बार्सिलोनाच्या हवाई अंतराएवढेच. मुंबईचे स्थानक वांद्रे-कुर्ला संकुलात, पुढे ठाणे, विरार, बोईसर. गाडी किती धावते याची चर्चा खूप होते. भिवंडीच्या घरातून ठाण्याच्या या स्थानकापर्यंत जायला किती वेळ आणि किती रिक्षाभाडे लागेल, याची फारशी होत नाही.