उपाध्यक्षांची खुर्ची
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मार्च २०२५ मध्ये पिंपरीचे आमदार अण्णा बनसोडे महाराष्ट्र विधानसभेच्या उपाध्यक्षपदी बिनविरोध निवडून आले. त्या सुमारास भोसरीतल्या एका ओळखीच्या वर्कशॉपवाल्यांनी मला विचारले, "हे पद म्हणजे साहेब रजेवर गेले की चार्ज सांभाळणारा माणूस, एवढेच ना?" बहुतेकांची समजूत अशीच असते. कारखान्यात चार्ज सांभाळणारा साहेबांच्या हाताखालचा असतो, म्हणून आपण तोच हिशेब विधिमंडळाला आणि संसदेला लावतो.

पण उपाध्यक्ष हे अध्यक्षांचे दुय्यम नव्हेत. त्यांना सभागृह निवडते आणि काढायचे झाल्यास सभागृहच काढते. ते खुर्चीवर बसलेले असताना दिलेला निर्णय हा खुर्चीचाच निर्णय. त्यावर अध्यक्षांकडे अपील चालत नाही. राजीनाम्याची गंमत पाहा. लोकसभेचे अध्यक्ष राजीनामा राष्ट्रपतींकडे देत नाहीत, उपाध्यक्षांकडे देतात. आणि उपाध्यक्ष देतात तो अध्यक्षांकडे. घटनेच्या ९४ व्या कलमात ही अदलाबदल लिहून ठेवली आहे.

या खुर्चीचे मोल कळते ते अडचणीच्या वेळी. पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष होते दादासाहेब मावळंकर, मूळ घराणे रत्नागिरीकडचे. डिसेंबर १९५४ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव सभागृहात आला. स्वतःवरच्या ठरावाच्या वेळी अध्यक्षांना खुर्चीवर बसता येत नाही. उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार यांनी कामकाज चालवले आणि ठराव फेटाळला गेला. फेब्रुवारी १९५६ मध्ये मावळंकरांचे निधन झाले, तेव्हाही अय्यंगारच पुढे आले. ३ मार्च २००२ ला अध्यक्ष बालयोगी हेलिकॉप्टर अपघातात गेले. मनोहर जोशी १० मे रोजी अध्यक्ष झाले. मधले दोन महिने, ऐन अर्थसंकल्पी अधिवेशनात, गुजरात दंगलींवरच्या रात्रभर चाललेल्या चर्चेसह, सभागृह सांभाळले ते उपाध्यक्ष पी. एम. सईद यांनी.

आपल्या राज्यातले उदाहरण तर ताजेच आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये नाना पटोले यांनी अध्यक्षपद सोडले आणि जुलै २०२२ पर्यंत ती जागा भरलीच नाही. शिवसेनेतल्या बंडाच्या वेळी, जून २०२२ मध्ये, आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा काढल्या त्या उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. 'रजेवरचा माणूस' म्हणून सोडून देण्याजोगे हे पद आहे का, ते यावरून ठरवावे.

आता दिल्लीकडे वळू. पिंपरी आणि चिंचवड मावळ मतदारसंघात मोडतात, भोसरी आणि चाकण शिरूरमध्ये. आपले खासदार कुठल्याही पक्षाचे असोत, चाकणच्या वाहतूककोंडीवर बोलायचे तर आधी खुर्चीने त्यांना पुकारावे लागते. म्हणूनच खुर्चीच्या दोन जागांपैकी एक विरोधकांकडे असावी, असा चांगला संकेत पडत गेला. १९९० मध्ये विश्वनाथ प्रतापसिंहांचे सरकार असताना विरोधी काँग्रेसचे, लातूरचे शिवराज पाटील उपाध्यक्ष झाले. १९९१ मध्ये ते अध्यक्षच झाले. पुढे बराच काळ हा संकेत पाळला गेला. मुंबईत मात्र तसे बंधन मानले जात नाही. बनसोडेही निवडीच्या वेळी सत्ताधारी आघाडीतलेच होते.

आणि दिल्लीत? सतराव्या लोकसभेला, २०१९ ते २०२४ अशी पाच वर्षे, उपाध्यक्षच नव्हते. असे पूर्ण मुदतभर पूर्वी कधी घडले नव्हते. तालिका अध्यक्ष असतात, पण ते रोजच्या कामापुरते. अध्यक्षपदच रिकामे झाले तर त्यांचा उपयोग नाही; मग राष्ट्रपतींनाच कुणा सदस्याला नेमावे लागते. घटनेचे ९३ वे कलम सांगते की दोघांची निवड शक्य तितक्या लवकर करावी. 'शक्य तितक्या लवकर' म्हणजे किती दिवसांत, हे लिहिलेले नाही. उपाध्यक्षांच्या निवडणुकीची तारीख नियमाप्रमाणे अध्यक्षांनीच ठरवायची, आणि अध्यक्ष बहुधा सत्ताधारी बाजूचे. माझ्या मते पळवाट नेमकी इथे आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याबाबत केंद्र सरकारला नोटीस काढली. पुढे ती लोकसभा विसर्जित झाली, तोवर खुर्ची रिकामीच होती.