कुंचला न फिरवता लाकडावर चित्र! काय आहे ‘मार्केट्री’?

फ्रान्समध्ये पॅरिसजवळच्या व्हर्साय राजवाड्यात पंधराव्या लुई राजाचं एक लेखनमेज आहे. ओबेन या कारागिराने १७६० मध्ये त्याचं काम सुरू केलं आणि त्याच्या मृत्यूनंतर रिझेनरने ते १७६९ मध्ये पूर्ण केलं. या मेजावरची नक्षी रंगवलेली नाही. ती लाकडाचे पातळ तुकडे एकमेकांना जोडून तयार झाली आहे. या कलेला मार्केट्री म्हणतात.

जडावकाम वेगळं, मार्केट्री वेगळी

म्हैसूरच्या प्रसिद्ध कामात शिसवी लाकूड कोरून त्या खाचेत दुसऱ्या लाकडाचे तुकडे बसवतात. ते जडावकाम. मार्केट्रीत मात्र काहीच कोरायचं नसतं. व्हेनियर म्हणजे लाकडाचा पापुद्रा, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा. त्याचे तुकडे जोडून आधी अख्खं चित्र तयार होतं आणि मग ते प्लायवर किंवा एमडीएफवर चिकटवलं जातं.

फट न ठेवता तुकडे कसे बसतात?

हौशी मंडळींसाठी सोपी पद्धत म्हणजे ‘खिडकी’. पार्श्वभूमीच्या व्हेनियरवर, समजा, पानाचा आकार धारदार कटरने कापून काढायचा. उरलेल्या खिडकीखाली दुसऱ्या रंगाचा व्हेनियर सरकवायचा, रेषा हवी तशी जुळेपर्यंत फिरवायचा आणि खिडकीच्या कडेनेच त्यावर खूण करून कापायचा. एकाच कडेवरून दोन्ही आकार निघतात, त्यामुळे तुकडा चपखल बसतो. पुढच्या बाजूने कागदी टेप लावली की पुढचा तुकडा घ्यायचा.

पानाला उठाव हवा? तव्यावर बारीक वाळू तापवून तुकड्याची कड काही सेकंद त्यात धरतात. कड हळूहळू तपकिरी होते आणि सावलीचा भास तयार होतो. आधी टाकाऊ तुकड्यावर वेळ तपासावी, कारण जळलेली कड परत येत नाही.

चित्र बिघडतं ते मागच्या बाजूमुळे

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. ते रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, आकसतं; लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. पाण्यात मिसळणारा पांढरा गोंद लावला की व्हेनियर फुगतो, वाळताना आकसतो आणि खालच्या फळीला आपल्याकडे ओढतो. एकाच बाजूला व्हेनियर असेल तर फळी वाकते. पावसाळा आणि उन्हाळा यांत हवेतला ओलावा खूप बदलत असेल, तर हा धोका वाढतो.

उपाय सोपा आहे. मागच्या बाजूलाही तेवढ्याच जाडीचा साधा व्हेनियर चिकटवायचा, शक्यतो एकाच वेळी. दोन्हीकडची ओढ सारखी झाली की फळी सरळ राहते. गोंद फळीला पातळ आणि सारखा लावून दोन सपाट फळ्यांमध्ये शिकंज्याने रात्रभर दाबून ठेवावं. मध्ये प्लास्टिकचा कागद घालावा, नाहीतर दाबणारी फळीही चिकटते.

घासताना हात हलका

व्हेनियर अर्ध्या मिलिमीटरचा असल्याने जोरात घासला तर खालचा प्लाय दिसू लागतो. बारीक पॉलिश पेपर आणि सपाट ठोकळा वापरावा. शिसवीची काळी भुकटी शेजारच्या फिकट लाकडात शिरून ते मळकट दिसू शकतं. म्हणून भुकटी झटकत राहावी.

पहिल्याच कामाला मोर नको. दोन लाकडं, एक पान आणि मागे न दिसणारा तो साधा व्हेनियर, एवढ्यावर सुरुवात होते.