एक रस्ता, तीन दस्तरखान

प्रवास ठरला की घरातल्या बायकांसमोर पहिला प्रश्न येतो, "सोबत खायला काय न्यायचं?" आपल्या घरांत त्याला जोडूनच दुसरा येतो, "तिकडे आपल्याला चालेल असं मिळेल ना?" ही काळजी योग्यच आहे. हलालची चौकशी केलीच पाहिजे. पण चौकशी तिथेच थांबते. मग चिप्सची पाकिटं, बिस्किटं आणि सगळीकडे सारखाच मिळणारा पनीर-नूडल्सचा मेनू, यांवर प्रवास उरकतो. ज्या गावाला गेलो, तिथली माणसं घरी काय खातात, हे कळतच नाही.

मी फर्दापूरला राहते. अजिंठ्याच्या लेण्यांना जाणारे पर्यटक आमच्या टी-पॉइंटवर गाड्या ठेवतात, तिथून बसने लेण्यांपर्यंत जातात, परत येतात आणि जेवतात तेच, जे ते आपल्या शहरात जेवले असते. गावातल्या चुलीवर काय शिजतंय, हे क्वचितच कोणी विचारतो. तसं पाहिलं तर हे गाव प्रवाशांचंच. औरंगजेबाच्या काळातली सराई आजही इथे आहे. उत्तरेला बुऱ्हाणपूर, घाट चढून दक्षिणेला औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, आणि पायथ्याशी खानदेश. या एकाच रस्त्यावर तीन दस्तरखान मांडलेले आहेत.

आधी खानदेशाचा पाहू. ज्वारीत उडीद मिसळून दळलेलं पीठ म्हणजे कळणा. त्याची खरपूस भाकरी, सोबत ठेचा किंवा वांग्याचं भरीत. भरताचं वांगं गॅसवर भाजलं तर ती चव येत नाही. ते पऱ्हाट्यांच्या किंवा तुरीच्या काड्यांच्या जाळावर भाजावं लागतं. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या शेजारच्या काकू हिवाळ्यात भरीत केलं की एक वाटी आमच्याकडे पाठवतात, आणि ईदला शीरखुर्म्याचं पातेलं त्यांच्याकडे जातं. ही देवाणघेवाण माझ्या अम्मीच्या काळापासून चालू आहे.

याच खानदेशात मांडे होतात. सैलसर मळलेल्या कणकेत पुरण भरायचं, हातावर झेलत झेलत ते कोपरापर्यंत पसरवायचं आणि उलट्या ठेवलेल्या मातीच्या खापरावर टाकायचं. बुऱ्हाणपूरला गेलात तर तिथेही मांडे मिळतात, पण पुरणाशिवाय. रुमालासारखी पातळ, मोठी रोटी उलट्या कढईवर भाजतात आणि लग्नात कोरम्यासोबत वाढतात. बुऱ्हाणपूर हे मुघलांचं दख्खनमधलं मोठं ठाणं होतं. मुमताज महलचं निधन 1631 मध्ये याच शहरात झालं. फौजेला झटपट जेवू घालण्यासाठी हे मांडे सुरू झाले, असं तिथले लोक सांगतात. एकीकडे खापर, दुसरीकडे कढई, एकात पुरण, दुसऱ्यासोबत सालन. पण नाव एकच आणि मनगटाचं कसबही एकच. जेवणानंतर मावा जलेबी खाल्ल्याशिवाय बुऱ्हाणपूरहून कोणी निघत नाही.

तिसरा दस्तरखान संभाजीनगरचा, नान-खलियाचा. मुहंमद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा मोठ्या लष्करासाठी हे जेवण शिजू लागलं, असं सांगितलं जातं. तंदूरमधून निघालेला पिवळसर नान आणि मोठ्या देगमधला मसालेदार खलिया. लग्न असो की अकीका, हजार माणसं जेवली तरी पोळ्या लाटत बसावं लागत नाही.

माझ्या अब्बांच्या शेवटच्या वर्षात आम्ही उपचारांसाठी दर आठवड्याला संभाजीनगरला जायचो. जाऊन-येऊन 200 किलोमीटर. त्यांच्या तोंडाची चव गेली होती. डबा उघडला की ते मान फिरवायचे. एकदा परतताना त्यांनीच नान घ्यायला सांगितला. खलियाच्या रश्श्यात भिजवून चार घास खाल्ले आणि म्हणाले, "तुझ्या आजोबांसोबत पहिल्यांदा शहरात आलो, तेव्हा हेच खाल्लं होतं." सिल्लोड येईपर्यंत ते त्या प्रवासाबद्दल बोलत राहिले. आजोबांविषयी मला जे थोडंफार ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं त्या दिवशी कळलं. आता घरी नान आला की मुलं विचारतात, "नाना काय सांगायचे?" आणि मी सांगते.

घासाबरोबर माणसं आठवतात, म्हणून मुलांना अशी जेवणं मिळाली पाहिजेत. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता 1342 मध्ये दिल्लीहून निघून दौलताबादला आला. या मुलखातले लोक भात, भाज्या आणि तिळाचं तेल खातात, आणि दौलताबादला द्राक्षं-डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, असं त्याने लिहून ठेवलं. परक्या मुलखात त्याने लोकांच्या ताटाकडे लक्ष दिलं, म्हणून जवळजवळ 700 वर्षांपूर्वीचं ते ताट आज आपल्याला दिसतं.

घरचा तोशा न्यायचा नाही, असं मी म्हणत नाही. मराठीत शिदोरी, आपल्या बोलीत तोशा. त्यामागची समजही सारखीच आहे. लांबच्या वाटेसाठी मराठी घरांत पाण्याऐवजी दुधात मळलेली दशमी करतात, आपल्याकडे दूध-तूप घालून रोगनी रोटी करतात. दोन्ही मऊ राहतात. त्यासोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी घ्यावी. पातळ सालन पहिल्याच जेवणात संपवावं, उन्हाळ्यात तर नक्कीच. आणि चार रोट्या जास्त घ्याव्यात. शेजारच्या बाकावरच्या प्रवाशाला "या जेवायला" म्हणता आलं पाहिजे.

मात्र एक जेवण त्या गावचं असू द्या. मशिदीजवळ किंवा बाजारात विचारा, "इथे घरी काय करतात, आणि ते चांगलं कुठे मिळेल?" हलालची खात्रीही तिथेच होते. मांसाहाराबद्दल शंका असेल तर भाकरी, भरीत, पिठलं, फळं आहेतच.

आणखी एक सांगणं घरातल्या कर्त्यांना. सहलीतही चटई अंथरणं, वाढणं, भांडी आवरणं बाईकडेच राहिलं, तर तिच्यासाठी फक्त स्वयंपाकघराची जागा बदलली. एक दिवस मुलांनी आणि त्यांच्या अब्बांनी वाढावं आणि तिने पहिल्या पंगतीला बसावं.

मी वर्गात दर सुट्टीआधी एक काम देते. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला एक पदार्थ विचारायचा आणि तिच्याच शब्दांत लिहून आणायचा. उर्दूत, मराठीत, कशातही. एका मुलीने आणलेल्या वहीत मापं अशी होती: पीठ "घरात माणसं असतील तेवढं", मीठ "हाताला कळेल तेवढं". तिची दादी आज हयात नाही. ती वही त्या घरात जपून ठेवली आहे. या सुट्टीत तुमच्याही घरी अशी एक वही सुरू करा.