बळकट लॉक, भरवशाचे लॉक

‘बळकट’ आणि ‘भरवशाचे’ हे दोन शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. घडीच्या चाकूच्या लॉकबाबत मात्र हा घोळ थेट बोटांवर येतो.

बळकटी म्हणजे काय? उघड्या पात्यावर मिटण्याच्या दिशेने किती जोर दिला की लॉक मोडेल, त्याचे माप. आणि भरवसा? लॉक दरवेळी नीट बसेल आणि आपण सोडवेपर्यंत बसलेलेच राहील, ही खात्री.

आता बघा, १९६०च्या दशकात आलेल्या ‘बक ११०’ या अमेरिकी चाकूत मुठीच्या पाठीतली दांडी पात्याच्या खाचेत अडकते. पोलाद दणकट, पण खाचेत कचरा साचला तर दांडी पुरती बसत नाही. लायनर लॉकमध्ये पातळ पट्टी पात्यामागे टेकते. चाकू पिळला गेला तर ती सरकू शकते. मोडत काहीच नाही, तरी पाते मिटते! फ्रान्सच्या ‘ओपिनेल’ला १९५५पासून फिरवायची कडी आहे. ती फिरवायची कोणी? आपणच. विसरलो, तर लॉक नाहीच.

म्हणजे बळकटी वस्तूत असते; भरवशात मात्र सफाई, वापर आणि आपले लक्ष हेही येते. म्हणून खाच साफ ठेवावी, लॉक बसल्याचे डोळ्यांनी पाहावे, आणि लॉक नाहीच असे समजून बोटे पात्याच्या वाटेबाहेर ठेवावीत.