पाठदुखी मजुरीची की मणक्याच्या टीबीची?

चंद्रपूर-गडचिरोलीत पाठ दुखायला कारणं कमी नाहीत. धानाची रोवणी, तेंदूपत्ता, तेलंगणातली मिरची तोडाई. त्यामुळे मजूर कंबर धरून आला की मलम आणि इंजेक्शन देऊन विषय संपवला जातो. मणक्याचा टीबी याच दुखण्याआड लपतो आणि ओळखायला उशीर झाला तर पाय लुळे पडू शकतात.

टीबी म्हटलं की आपण खोकला विचारतो. मणक्याच्या टीबीत अनेकदा खोकला नसतोच, थुंकीतही जंतू सापडत नाहीत. खुणा वेगळ्या आहेत: आठवडेच्या आठवडे न थांबणारी, रात्रीही छळणारी पाठदुखी, संध्याकाळचा बारीक ताप, घटणारं वजन. पायात बधिरपणा आला, चालताना तोल जाऊ लागला किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर एक दिवसही थांबू नये.

एक्स-रेवर झीज दिसेपर्यंत मणक्यातलं बरंच खनिज गेलेलं असतं. म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल’ म्हणजे ‘आजार नाही’ असं समजू नका. एमआरआयमध्ये चुंबकाच्या साहाय्याने हाडातली सूज, चकती, बाजूला साचलेला पू आणि मज्जारज्जूवरचा दाब लवकर दिसतो. आजार कधी कण्यात दोन वेगळ्या ठिकाणी असतो, म्हणून पूर्ण कण्याच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारावं.

पण एमआरआय शेवटचा पुरावा नाही. कॅन्सर किंवा दुसरा जंतुसंसर्गही तसाच दिसू शकतो. शक्य असेल तिथे सुईने नमुना घेऊन सीबीनॅट आणि कल्चर व्हायला हवं. औषधाला न जुमानणारा टीबी त्यातूनच कळतो.

सरकारी औषधं मोफत आहेत. उपचार साधारण १२ ते १८ महिने चालतात. निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये मिळतात. खरा अडसर एमआरआयपर्यंत पोहोचण्याचा आहे. भामरागडच्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं तर दीडशे किलोमीटरहून अधिक प्रवास आणि बुडालेली रोजी.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. आजारी भिक्खूची शुश्रूषा तथागतांनी स्वतः केली होती, हे आपण विहारात ऐकतो. मग विहारातल्या तरुणांनी वस्तीत जुन्या पाठदुखीची चौकशी करावी, रुग्णासोबत दवाखान्यात जावं, तपासणी का नाकारली ते लेखी मागावं. निक्षय हेल्पलाइन १८००-११-६६६६ हा नंबर विहाराच्या फलकावर लावावा. जय भीम!