प्रो कबड्डीतील पराभव आणि खेळाडूंची अदलाबदल: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्रो कबड्डी लीगचा पहिला हंगाम 2014 साली झाला, तेव्हापासून महाराष्ट्राचे यू मुंबा आणि पुणेरी पलटण हे दोन संघ त्यात खेळत आले आहेत. विदर्भाचा स्वतंत्र संघ मात्र या स्पर्धेत नाही. त्यामुळे वाशीम जिल्ह्यातील आसेगावसारख्या गावातील कबड्डीप्रेमीला आपली निष्ठा मुंबईकडे किंवा पुण्याकडे वळवावी लागते, आणि हंगाम संपला की आपला संघ का हरला, अमक्या खेळाडूला का सोडले, तमक्यावर एवढे पैसे का उधळले, या वादात दोन्ही बाजूंनी सारख्याच हिरिरीने भाग घेतला जातो. हा वाद खेळावरच्या प्रेमातूनच उपजतो, म्हणून तो व्हायलाच हवा. परंतु त्यात वर्षानुवर्षे ठामपणे मांडली जाणारी काही मते निकालांच्या कसोटीवर टिकत नाहीत, आणि त्या मतांमुळे खेळाडूंवर व प्रशिक्षकांवर अकारण दोष येतो.

विषय समजण्यासाठी स्पर्धेची रचना आधी लक्षात घ्यावी लागते. पहिल्या चार हंगामांत आठ संघ होते आणि साखळीतील पहिले चार संघ थेट उपांत्य फेरीत जात. 2017 पासून बारा संघ झाले आणि साखळीनंतरच्या सामन्यांची, म्हणजे प्लेऑफची, रचना अधिक लांबली. खेळाडू लिलावातून येतात, लिलावात खर्चायची रक्कम प्रत्येक संघाला ठरवून दिलेली असते, आणि जुन्या संघातील काही खेळाडू नियमांच्या मर्यादेत ‘कायम राखता’ येतात, तर उरलेल्यांना ‘मुक्त’ करून पुन्हा लिलावात सोडले जाते. आपल्याच मुक्त केलेल्या खेळाडूवर दुसऱ्याने लावलेल्या अखेरच्या बोलीइतकी रक्कम देऊन त्याला परत घेण्याची सोयही ठराविक प्रमाणात असते. ही चौकट विसरली, की ‘याला सोडायलाच नको होते’ असे म्हणणे फार सोपे जाते. प्रत्यक्षात एकाला ठेवणे म्हणजे दुसऱ्या कोणावर तरी पाणी सोडणे असते.

गैरसमज 1: नावाजलेला खेळाडू सोडला, म्हणूनच संघ हरला

हा सर्वांत रूढ समज असून त्याच्या विरोधात सर्वांत ठळक पुरावा महाराष्ट्राच्याच संघांच्या इतिहासात आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाई या चढाईपटूला यू मुंबाने सहाव्या हंगामासाठी 36 लाख 40 हजार रुपयांत घेतले, आणि पदार्पणातच चढाईत दोनशेहून अधिक गुण मिळवून तो घराघरांत पोहोचला. पुढच्या हंगामात तेलुगु टायटन्सने त्याच्यासाठी 1 कोटी 45 लाख रुपये मोजले, तेव्हा मुंबईने हातचा हिरा घालवला अशी हळहळ व्यक्त झाली. परंतु 2019 च्या त्या हंगामात टायटन्स बारा संघांत अकराव्या स्थानी राहिले, तर सिद्धार्थविना खेळणाऱ्या यू मुंबाने उपांत्य फेरी गाठली आणि बंगाल वॉरियर्सकडून 35–37 असा अवघ्या दोन गुणांनी पराभव पत्करला.

पुण्याचे उदाहरण याहून बोलके आहे. इराणचा फजल अत्राचली हा डाव्या कोपऱ्यातला नामांकित बचावपटू 1 कोटी 38 लाख रुपयांना नवव्या हंगामासाठी पुण्यात आला, कर्णधार झाला आणि संघ प्रथमच अंतिम फेरीत पोहोचला. पुढच्या हंगामापूर्वी त्यालाच मुक्त करण्यात आले, आणि त्याच्याविना पुण्याने 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सवर 28–25 अशी मात करून आपले पहिले विजेतेपद मिळवले. उलट दिशेचा दाखलाही आहे: हाच फजल यू मुंबात सहाव्या आणि सातव्या हंगामात असताना संघ प्लेऑफमध्ये पोहोचला, पण त्याला कायम राखूनही आठव्या हंगामात मुंबईची घसरण दहाव्या स्थानापर्यंत झाली. पाटणा पायरेट्सने तीन विजेतेपदांचा शिल्पकार असलेल्या प्रदीप नरवालला सोडले, आणि त्याच आठव्या हंगामात साखळीत अव्वल राहून अंतिम सामना दबंग दिल्लीकडून केवळ एका गुणाने, 36–37 असा, गमावला.

याचा अर्थ मोठा खेळाडू सोडल्याने कधीच नुकसान होत नाही, असा मुळीच नाही. पुण्याने विजेतेपदानंतर सोडलेला बचावपटू मोहम्मदरेझा शादलुई 2 कोटी 7 लाख रुपयांत हरियाणाकडे गेला, हरियाणाने 2024 च्या अखेरीस पहिला चषक उंचावला आणि पुण्याला प्लेऑफही गाठता आले नाही, हे खरे आहे. मात्र त्याच हंगामात पुण्याचा कर्णधार अस्लम इनामदार दुखापतीमुळे मध्येच बाहेर गेला होता, आणि पुढच्याच, 2025 च्या हंगामात शादलुईविना पुणे साखळीत पहिल्या स्थानी राहून अंतिम फेरीत पोहोचले, हेही तितकेच खरे आहे. एका नावावर संपूर्ण हंगामाचे खापर फोडणारे स्पष्टीकरण या दोन्ही वर्षांना एकाच वेळी लागू पडत नाही.

गैरसमज 2: ज्याची बोली मोठी, त्याचाच चषक

लिलावातील आकडे दूरचित्रवाणीवर इतके गाजतात, की किंमत आणि यश यांचा थेट संबंध असावा असे वाटू लागते. वस्तुतः पवन सेहरावतला तमिळ थलायवाजने नवव्या हंगामासाठी 2 कोटी 26 लाख रुपयांना घेतले, तो पहिल्याच सामन्यात जायबंदी होऊन हंगामाला मुकला, आणि तरीही थलायवाजने त्या वर्षी प्रथमच उपांत्य फेरी गाठली. दहाव्या हंगामात तेलुगु टायटन्सने त्याच्यासाठी 2 कोटी 60 लाख 50 हजार रुपये, म्हणजे प्रत्येक संघाला मिळणाऱ्या पाच कोटींच्या निम्म्याहून अधिक रक्कम खर्च केली, आणि 22 पैकी केवळ दोन सामने जिंकून तो संघ तळाला राहिला.

येथे एक रास्त आक्षेप घेतला जाऊ शकतो, की त्याच लिलावात पुण्याने शादलुईवर 2 कोटी 35 लाख रुपये लावले आणि चषक जिंकला. फरक रकमेत नव्हता, उरलेल्या संघात होता. पुण्याकडे अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, संकेत सावंत, अबिनेश नदराजन यांसारखे, तुलनेने तरुण वयात संघात आलेले आणि काही हंगाम एकत्र खेळून एकमेकांच्या हालचाली ओळखणारे खेळाडू आधीच कायम राखलेले होते. महागडा खेळाडू त्या घडीव साखळीतला शेवटचा दुवा ठरला. पाया नसताना केलेली तीच खरेदी निष्फळ ठरते, याची साक्ष टायटन्सचा हंगाम देतो. खुद्द शादलुई 2025 मध्ये 2 कोटी 23 लाख रुपयांना गुजरात जायंट्सकडे गेला, आणि त्या संघाला पहिल्या आठांतही स्थान मिळाले नाही.

गैरसमज 3: अंतिम सामन्यात हरणारा संघ मनाने कच्चा असतो

यू मुंबाने पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरी गाठली, परंतु 2014 मध्ये जयपूर पिंक पँथर्सकडून 24–35 आणि 2016 मध्ये पाटणा पायरेट्सकडून 28–31 असा पराभव झाल्याने त्यांच्या हाती 2015 चे एकमेव विजेतेपद राहिले. पुणेरी पलटण 2022 मध्ये जयपूरकडून 29–33 आणि 2025 मध्ये दबंग दिल्लीकडून 28–31 अशी हरली. या निकालांवरून ‘मोक्याच्या क्षणी हे संघ कच खातात’ असा शिक्का मारला जातो.

या शिक्क्याचे वजन गुणपद्धतीवरून तपासता येते. प्रतिस्पर्ध्याचे सातही खेळाडू बाद झाले, की ‘लोण’ चढतो आणि त्याचे दोन अतिरिक्त गुण मिळतात. तीन किंवा त्याहून कमी बचावपटूंनी चढाईपटूला पकडले, तर ती ‘सुपर टॅकल’ ठरून एकाऐवजी दोन गुण पदरात पडतात. मैदानात दोनच बचावपटू उरले असताना चढाईपटूने दोघांनाही टिपले, तर त्या एका चढाईत चार गुण होतात, आणि ती चढाई तीस सेकंदांत संपते. म्हणजे वर दिलेल्या चार पराभवांपैकी तीन पराभवांतील अंतर हे एका चढाईने मिटण्याजोगे किंवा फिरण्याजोगे होते. चाळीस मिनिटांच्या एका सामन्यात अशी एक चढाई कोणाच्या बाजूने जाईल, यावरून संघाचे मनोबल ठरवणे म्हणजे ऐन सोंगणीत आलेल्या पावसाने सोयाबीन भिजले म्हणून शेतकऱ्याच्या मशागतीलाच नावे ठेवण्यासारखे आहे.

संघाची खरी ताकद साखळीतील दीर्घ कामगिरीवरून अधिक विश्वासाने कळते. पुण्याने दहाव्या हंगामात 22 साखळी सामन्यांपैकी 17 जिंकले व दोनच गमावले. 2025 मध्ये 18 पैकी 13 जिंकले. शिवाय 2022 च्या अंतिम सामन्यात अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे दोन्ही प्रमुख चढाईपटू दुखापतींमुळे उपलब्ध नव्हते, ही बाब त्या पराभवाच्या चर्चेत सहसा सोयीस्करपणे गळून जाते.

गैरसमज 4: सामना चढाईपटूच जिंकून देतो

चढाईत थरार असतो, म्हणून प्रेक्षकांच्या स्मरणात चढाईपटू राहतात, आणि प्रदीप नरवालने पाचव्या हंगामात चढाईचे 369 गुण मिळवून पाटण्याला विजेतेपदाकडे नेले, तेव्हा हा समज काही अंशी खराही ठरला होता. परंतु पुण्याचे 2024 चे यश मुख्यतः बचावाचे होते. शादलुईने त्या हंगामात पकडींचे 99 गुण मिळवून सर्व बचावपटूंत पहिले स्थान घेतले, आणि अंतिम सामन्यात हरियाणाला पूर्ण चाळीस मिनिटांत पंचवीसच गुण घेऊ देण्यात आले.

तो सामना जवळून पाहिला असता बचाव आणि चढाई यांचे नाते स्पष्ट होते. पहिल्या सत्राच्या अखेरीस पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण मिळवले आणि लढतीचे पारडे पुण्याकडे झुकले. पण ती चढाई निर्णायक ठरू शकली, ती त्याआधी व त्यानंतर पुण्याच्या कोपरारक्षकांनी आणि मध्यरक्षकांनी गुणसंख्या आवाक्यात ठेवली म्हणून. सलग दोन चढाया निष्फळ गेल्या, की तिसऱ्या चढाईत गुण मिळवणे चढाईपटूला भाग असते, नाहीतर तो बाद होतो. ज्या संघाचा बचाव भक्कम असतो, तो प्रतिस्पर्ध्याला वारंवार याच ‘करो या मरो’ अवस्थेत ढकलतो. त्यामुळे संघाने अमुक चढाईपटू घेतला नाही, एवढ्यावरून लिलाव फसला असे म्हणण्याआधी त्या संघाचे दोन्ही कोपरे कोणाच्या हाती आहेत, हे पाहायला हवे.

गैरसमज 5: बाहेरचे खेळाडू घेतल्यामुळे संघाची पडझड होते

संघाच्या नावात मुंबई किंवा पुणे आहे, म्हणून त्यात मराठी मुलेच असावीत, ही भावना समजण्याजोगी आहे. मात्र पराभवाचे कारण म्हणून ती टिकत नाही. 2015 मध्ये बेंगळुरू बुल्सला 36–30 असे नमवणाऱ्या यू मुंबाचा कर्णधार अनुप कुमार हरियाणाचा होता, शब्बीर बापू केरळचा, जीवा कुमार तमिळनाडूचा आणि फजल अत्राचली इराणचा; त्यांच्या खांद्याला खांदा लावून मुंबईचे रिशांक देवाडिगा आणि विशाल माने खेळत होते. पुण्याच्या 2024 च्या संघातही अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील अस्लम इनामदार कर्णधार होता आणि त्याच्यासोबत हरियाणा, तमिळनाडू व इराणचे खेळाडू होते. दोन्ही विजेतेपदे मिश्र संघांनीच मिळवली, आणि त्या मिश्रणात स्थानिक खेळाडूंना मिळालेला वाव हा दयेचा नसून गुणवत्तेचा होता, ही अभिमानाची बाब मानली पाहिजे.

गैरसमज 6: मुंबई-पुण्याचे अपयश म्हणजे महाराष्ट्राच्या कबड्डीचे अपयश

व्यावसायिक संघ आणि राज्याचा संघ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2017 च्या हंगामात यू मुंबाला प्लेऑफ गाठता आले नाही आणि पुण्याचे आव्हान पाटण्याने एलिमिनेटरमध्ये, म्हणजे हरणारा थेट बाहेर जातो अशा लढतीत, संपवले. पण त्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी 2018 मध्ये, रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने हैदराबादेत सेनादलाला 34–29 असे हरवून वरिष्ठ गटाचे राष्ट्रीय अजिंक्यपद अकरा वर्षांनी परत मिळवले. ज्यांनी त्या वर्षीच्या लीगवरून राज्यातील कबड्डी संपल्याचे निदान केले असेल, त्यांचे निदान चुकले होते.

विदर्भाच्या वाचकाला तर हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. वाशीम जिल्हा ज्या अमरावती विभागात येतो, त्याच अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करताना कबड्डी जगासमोर नेली. या भूमीचे कबड्डीशी असलेले नाते लीगच्या जन्मापूर्वीचे आहे आणि ते कोणत्याही एका संघाच्या गुणतक्त्यावर अवलंबून नाही.

या सर्व उदाहरणांतून निघणारा निष्कर्ष असा, की पराभवाला क्वचितच एकच कारण असते, आणि खेळाडूंच्या अदलाबदलीचा निर्णय त्या खेळाडूच्या नावावरून नव्हे, तर त्याच्या जागी कोण आले, वाचलेल्या पैशांतून काय उभे राहिले आणि पुढच्या दोन-तीन हंगामांत संघ कोठे पोहोचला, यांवरून तपासला पाहिजे. पुण्याला पहिल्या दोन हंगामांत तळाला राहिल्यानंतर चषकापर्यंत पोहोचायला दहावा हंगाम उजाडावा लागला, आणि हे अंतर त्या संघाने एका मोठ्या खरेदीने नव्हे, तर तरुण खेळाडू सांभाळून कापले. आसेगावात असो वा मुंबईत, कबड्डीचा वाद या प्रश्नांवर रंगला, तर तो खेळाडूंना न्याय देईल, आणि संघ चालवणाऱ्यांनाही त्याची उत्तरे द्यावीच लागतील.