पुट्टीखालचा गंज : जुन्या पद्मिनीचा सडलेला पत्रा कसा बदलायचा

सोबत एक वस्तू आणली आहे, ती पहिल्या रांगेपासून फिरवा. कडा धारदार आहेत, जपून.

हा तुकडा माझ्या वडिलांच्या 1986 सालच्या प्रीमियर पद्मिनीचा. बाहेरून रंग कसा चकाकतोय बघा. आता उलटा करा. रंगाखाली बोटभर पुट्टी, पुट्टीमागे तारेची जाळी, आणि जाळीमागे काहीच नाही! (हशा) एका गॅरेजमध्ये आम्ही पैसे देऊन करून घेतलेलं काम आहे हे. याच गाडीत पाच-पाच माणसं बसून आम्ही भंडाऱ्याहून नागपूरला जात होतो.

आता जीप आठवा. जीपला खाली लोखंडी चासी असते, बॉडी तिच्यावर नुसती बसवलेली. फ्लोअर कुजला तर पायाला चिखल लागेल, पण गाडी उभी राहते. पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट 1100, तिला वेगळी चासीच नाही. पत्र्याच्या पेट्या जोडून सगळी ताकद बॉडीतच आणलेली. 1964 ची अमेरिकन मस्टंगसुद्धा याच जातीची. अशा गाडीत दारांखालची आडवी पेटी, आपले डेंटर जिला रनिंग बोर्ड म्हणतात, ती घराच्या तुळईसारखी असते. तुळईला वाळवी लागली तर आपण चुना फासून गप्प बसतो का?

गंज लागतो कसा, हे भंडाऱ्यात सांगायला सोपं. आपलं गाव पितळेच्या भांड्यांचं. पितळ काळवंडतं, हिरवं पडतं, पण तो थर धातूला चिकटून बसतो आणि आतल्या धातूला बरंचसं सांभाळतो. लोखंडाचा गंज चिकटत नाही. तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, फुगतो, पापुद्रा सुटतो आणि खाली ताजं लोखंड पुन्हा हवा-पाण्यासमोर उघडं पडतं. म्हणून रंगावर फुगा दिसला की समजा, बहुतेक वेळा गंज आतून बाहेर आलेला आहे. शिवाय आपला जिल्हा धानाचा. बांधीतला चिखल मडगार्डच्या आत बसतो आणि पाऊस थांबल्यावरही कित्येक दिवस ओला राहतो. ओल्या फडक्यात गुंडाळलेला विळा जसा, तसा तो पत्रा.

(तुमसरकडचे कुणी विचारतील, आमचं मॅंगनीज पोलादात जातं ना? जातं. त्याने पोलाद कणखर होतं, गंज थांबत नाही. त्यासाठी क्रोमियम लागतं, आणि ते गाडीच्या साध्या पत्र्यात नसतं.)

तपासणीला मशीन नको. लोहचुंबक फिरवा, जिथे धरत नाही तिथे जाड पुट्टी आहे. जाड स्क्रूड्रायव्हरने खालून टोचा. मग दारं लावून, रनिंग बोर्डाजवळ जपून जॅक लावा. गाडी उचलताना दाराची फट बदलली किंवा दार अडकायला लागलं, तर तुळई गेली असं धरा. तिथेच थांबा, गाडी खाली घ्या.

आता माझी चूक सांगतो. मी हौसेने दोन्ही बाजूंचे रनिंग बोर्ड एकदम कापले. दुसऱ्या दिवशी बॉडी मधोमध खचलेली, चारही दारं बसेनात. म्हणून कापण्याआधी गाडी सपाट जागी भक्कम स्टँडवर ठेवा, दाराच्या चौकटीत आडवा आणि तिरपा पाईप टाके मारून लावा, कर्णाची मापं लिहून ठेवा. एका वेळी एकच बाजू. बॅटरीची तार सोडा, पेट्रोलची टाकी उतरवा, आतली गालिचा-सीट काढा. चासी नंबर कोरलेल्या पत्र्याला हात लावायचा नाही.

कापायचं कुठपर्यंत? चांगला, चमकणारा पत्रा लागेपर्यंत. इथे जीव कासावीस होतो. फुगा रुपयाएवढा असतो आणि भोक ताटाएवढं होतं. पण गंजक्या कडेवर वेल्डिंग धरत नाही, पत्रा जळून भोक आणखी वाढतं. नवा तुकडा मूळ जाडीचाच घ्या. जुन्या बादलीचा जस्ताचा पत्रा वापरू नका, त्याच्या धुराने ताप भरतो. गॅसपेक्षा सीओटू वेल्डिंग बरं, कारण उष्णता कमी पसरते. सलग रेघ ओढायची नाही. एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, मधे थंड होऊ द्यायचं. नाहीतर पत्रा पापडासारखा वाकडा होतो.

पुट्टी वाईट नाही, बरं का. वेल्डिंग घासून, प्रायमर मारून, वर पातळ हात फिरवायला ती आहेच. पत्र्याच्या जागी मात्र नाही.

प्रेक्षकांतून एक काका : भाऊ, गंजावर लावायचं ते केमिकल आणलं तर कापणं वाचते का?

नाही काका. ते फॉस्फरिक ॲसिड असतं. वरवरच्या गंजाचा काळपट थर करतं, तेवढ्यापुरतं उत्तम. पण जो पत्रा उरलाच नाही, तो ते कुठून आणणार? कामाचं पुढेच आहे. पेटी बंद झाली की आतल्या बाजूला कुणाचा हात पोहोचत नाही, आणि वेल्डिंगने आतला प्रायमर जळालेला असतो. म्हणून छोट्या छिद्रातून नळी घालून आत मेण किंवा घट्ट तेल फवारायचं. आणि रनिंग बोर्डाच्या तळाला कंपनीने पाणी निघायला भोकं ठेवलेली असतात, ती नीटनेटकं दिसावं म्हणून आपले लोक बुजवतात. ती बुजवू नका. मृगाच्या आधी तार घालून मोकळी करा.